मधी पडणारी आक्का

आक्का, तुम्ही गेलात त्या सकाळी आपलं भांडण अर्धंच राहिलं. घास कापता कापता तुम्ही नेहमीसारखं मधूनच म्हणालात, "काय बी म्हण सुमन, तवा तू दांडा उचलायला नको व्हता."

मी म्हटलं, "आता परत तेच का?"

"तुला पटत न्हाय तवर तेच."

मी रागानं घागर उचलली आणि पाण्याला गेले. वाटेनं तुम्हाला द्यायचं उत्तर जुळवत होते. परत आले तर तुम्ही बांधावर कुशीवर पडलेल्या होतात, विळा हातातच, ओठांना माती लागलेली. डॉक्टर नंतर म्हणाले, छातीत कळ आली असणार, पडल्या तेव्हाच गेल्या. माझं उत्तर काय होतं ते आता आठवत नाही. चांगलं होतं, एवढं आठवतं.

दहाव्याला माणसं आली, बसली, चहा घेतला आणि तुमच्याबद्दल बोलली. एक म्हणाली, गरीब गाय होती. दुसरी म्हणाली, कुणाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय. मी आत भांडी घासत होते, हातातलं पातेलं आपटलं. अध्यात नाही मध्यात नाही? तुम्ही? गावात कुठं आवाज वाढला की पदर खोचून निघायच्या तुम्ही, आणि माती सरते न सरते तोच यांनी तुमची गाय करून दावणीला बांधली. त्या रागात हे लिहायला बसले. मी काही लिहिणारी नाही. पण माझी दहावी झालेली आहे, आणि तुम्ही कशा होतात हे माझ्याइतकं जवळून कुणी बघितलेलं नाही. एका चुलीवर राहिलेल्या जावा आपण.

तुमचं माहेर सुप्याकडचं. वडील मेंढरं घेऊन माळावर फिरायचे. तुम्ही लहान असताना कळपात लांडगा शिरला, ती गोष्ट तुम्ही मला जात्याजवळ बसून सांगितली होती. "लांडगा शिरला की मेंढरं काय करत्यात म्हाईत हाय? लांब पळत न्हाईत. गोळा हुत्यात आन डोकी आत घालत्यात. ज्याला त्याला वाटतं, आपलं त्वांड लपलं म्हंजी आपण लपलो. लांडगा बाहिरनं एकेक वढतो." तुम्ही दोन्ही हात पसरून ओरडत कळपाच्या आणि लांडग्याच्या मध्ये जाऊन उभ्या राहिलात. त्यानं कोकरू टाकलं आणि जाता जाता तुमच्या पोटरीत दात रुतवले. वडिलांनी आधी जखम धुतली आणि मग तुम्हाला मारलं. पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. पोटरीवरचा तो खड्डा मी तुम्हाला शेवटची अंघोळ घालतानाही बघितला.

मधी पडणं ही तुमची खोड होती. भावाभावांच्या बांधावरच्या भांडणात, नवऱ्यानं बायकोला दारात ओढलं तर त्या दारात, तुम्ही जायच्याच. शिव्या खायच्या, कधी धक्के खायच्या. आणि दुसरी एक खोड होती, ती मला जास्त छळायची. पिठाच्या गिरणीवर नंबर लावून बसलेल्या बायकांना तुम्ही काहीही विचारायच्या. शाळा चौथीच्या पुढं व्हावी का, देवळाला कळस आधी का गावाला संडास आधी, मास्तरांची बदली झाली ते बरं झालं का वाईट. "तुला काय वाटतं?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "आमाला काय कळतंय आक्का." तुम्ही म्हणायच्या, "कळत न्हाय आसं तुला कुणी सांगितलं? त्याचं नाव सांग."

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात तुम्ही मला कालवण चाखायला दिलं आणि विचारलं, मीठ कसं हाय. मी म्हटलं, तुम्हाला कसं लागतंय? तुम्ही पळी तशीच धरून राहिलात. "जीभ तुजी हाय. म्या कशी सांगू?" मला वाटलं, सासूपेक्षा ही जाऊ अवघड आहे.

मग तो बाजार आला.

आपल्या गावचा बाजार तसा लहान, निमगावसारखा नाही. दुपार होती. आपण वाळलेल्या मिरच्या बघत होतो. तुम्ही मूठभर मिरच्या नाकाशी धरल्या होत्या आणि पलीकडून आरोळी आली, चोर, धरा. एका बाईच्या गळ्यातलं डोरलं गेलं होतं. माळावर पालं टाकून काही घरं उतरली होती, त्यांतला एक माणूस बाजारात होता. त्याचं नाव लखू, हे आपल्याला नंतर कळलं. त्यानं ते चोरलं का नाही, ते आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही. त्याच्या अंगावर काही सापडलं नाही. पण तोवर कुणी त्याचा सदरा फाडला होता, आणि फाटक्या सदऱ्याचा माणूस चोरच दिसतो.

आधी चपलांनी मारलं. मग पट्ट्यांनी. मग कुणीतरी बैलगाडीच्या जुवाची शिवळ उपसून आणली, कुणी ट्रॅक्टरची साखळी आणली. माणूस मारताना येणारा आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. तो ओल्या पोत्यावर काठी बसल्यासारखा असतो, आणि मध्येच एक वेगळा, सुका आवाज येतो, तो हाडाचा. लखूची बायको बाहेरून माणसांची पाठ बडवत होती. कुणी तिच्याकडं वळूनसुद्धा बघत नव्हतं.

तुम्ही पिशवी माझ्या हातात दिली. मी तुमचा पदर धरला. "आक्का, नको. आपल्याला काय करायचंय?" तुम्ही पदर सोडवला नाही, मला पदरासकट ओढत आत नेलं. गर्दीनं मला ढकललं, मी गुडघ्यांवर पडले आणि पायांच्या रानात अडकले. तुम्ही तशाच पुढं गेलात आणि लखूच्या अंगावर आडव्या पडलात. त्यांचे दोन-तीन फटके तुमच्या पाठीवर बसले, मग हात थबकले.

सर्जेराव पुढं होता. ज्याचा पाऊणशे एकर ऊस, ज्याच्या विहिरीवरनं आपल्या रानाला पाळीचं पाणी यायचं, तो सर्जेराव. तो म्हणाला, "वैनी, उठा. बाईमाणसावर हात जातोय आमचा."

तुम्ही तशाच पडून म्हणालात, "हात तुजाच हाय. मागं घे."

कुणीतरी तुमच्या अंबाड्याला धरून तुम्हाला ओढलं. केसांचा पुंजका त्याच्या मुठीत राहिला. आणि मग सर्जेरावानं ते केलं, ज्यानं लखू हलायचा थांबला. मी ते बघितलं, पण तेव्हा मला वाटत होतं की मी काहीच बघितलं नाही.

गर्दी पांगली. मिरचीवाल्यानं सांडलेल्या मिरच्या गोळा केल्या, तराजू सरळ केला आणि मला विचारलं, घ्यायच्यात का. एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून तुम्ही लखूला आत घातलं. इंदापूरच्या वाटेवर तुमच्या मांडीवरच तो गेला. संध्याकाळी माळावरची पालं पेटली. कुणी पेटवली ते विचारायला नको होतं. जाळ आपल्या अंगणातून दिसत होता, आणि कोंबड्या जळाल्याचा वास वस्तीपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. सगळ्यांनी एकच सांगितलं, गर्दी लई व्हती, कोण व्हतं कळलं न्हाय. तुम्ही सर्जेरावाचं नाव सांगितलं आणि आणखी दोघांची. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी पडले होते. मला काही दिसलं नाही." ते खोटं नव्हतं, आक्का. मला खरंच तसं वाटत होतं.

सांजच्याला मी पीठ मळत होते. तुमची पाठ काळीनिळी झालेली, तुम्हाला भिंतीला टेकताही येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तू खाली पडलीस. मग खाली काय दिसलं?"

"काय दिसणार? पाय."

"कुणाचं?"

मी पीठ मळतच होते, आणि मळता मळता पाय यायला लागले. करकरीत तपकिरी बूट, डाव्याची नाडी सुटलेली, ते सर्जेरावाचे. ते मागं गेले आणि पुढं आले, लखूच्या कानाखाली, एकदा आणि परत. भेगाळलेल्या टाचांची कोल्हापुरी, ती उभीच होती, हलली नाही. रबरी चप्पल घातलेला एक पाय तर लखूच्या डोक्यापुढं आडवा आला, वाचवायला, आणि त्याच्यावर साखळी बसली. मी एकेक सांगत गेले. माझे हात परातीत थांबले होते. तुम्ही एका शब्दानं मधी बोलला नाहीत. शेवटी मी म्हटलं, "आक्का, मला सगळं दिसलंय."

मला वाटलं, आता तुम्ही सांगाल काय बोलायचं ते. तर तुम्ही म्हणालात, "ते तुजं हाय. माजं बघितल्यालं तुला पुरायचं न्हाय आन तुजं मला. जायाचं का न्हाय ते तूच बघ."

आमचे हे लोणी गावच्या कारखान्यात पाळीवर होते. आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ठाण्यावर सायकलवर सोडू का. मी गेले आणि जबाब दिला.

त्याच आठवड्यात आपलं पाणी बंद झालं. ऊस गुडघ्याएवढा होता, तो पुढं पिवळा पडला आणि मग उभाच वाळला. ते तुम्ही सोसलं. सोसवलं नाही ते थोरल्या भावजींना. तुमचे मालक, आमचे थोरले दीर. पाणी तुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना पारावर बोलावून घेतलं. सर्जेरावाच्या माणसानं चारचौघांत त्यांच्या तोंडावर चप्पल मारली आणि विचारलं, "बायकू आवरना व्हय रं तुला?" बसलेली माणसं हसली. त्यांत आपल्या भावकीतली माणसंही होती.

धारा काढायची वेळ होती. तुम्ही गोठ्यात म्हशीखाली बसलेल्या. भावजी आले. त्यांनी तुम्हाला चरवीसकट मागं ओढलं. दूध सांडलं. त्यांनी आधी लाथा घातल्या, तुमच्या आधीच सुजलेल्या पाठीत. तुम्ही हात आडवा धरलात तर तो हात त्यांनी धरून पिळला, आणि तो सुका आवाज आला. बाजारात ऐकलेला. तुम्ही ओरडला नाहीत. भावजीच ओरडत होते, "नाव मागं घे. घे मागं." म्हैस दाव्याला हिसके देत होती. त्यांनी तुमचं डोकं गव्हाणीच्या दगडावर आपटलं.

मी दारात होते. खोऱ्याचा दांडा निसटलेला, भिंतीला लावून ठेवला होता. थोरल्या दिरापुढं मी कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता, त्यांच्या सावलीवर पाय दिला नव्हता. मी तो दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या खांद्यावर घातला. ते वळले. मी परत घातला. ते शेणात गुडघ्यावर आले. तिसऱ्यांदा मी डोकं बघून उगारला.

आणि तुम्ही मधी पडलात.

मोडका हात छातीशी धरून, कपाळातनं रक्त गळत असताना, तुम्ही त्यांच्या अंगावर आडव्या पडलात. लखूच्या अंगावर पडला होतात तशाच. माझ्याकडं मान वळवून म्हणालात, "सुमन, हात तुजा हाय."

दांडा वरच राहिला. मला तुमचा इतका राग आला की वाटलं, आता तुम्हालाच मारावं.

बारामतीच्या दवाखान्यात आपण तिघं एकाच जीपमधनं गेलो. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. एका बाजूला तुम्ही, मनगट मोडलेलं. दुसऱ्या बाजूला भावजी, खांद्याचं हाड मोडलेलं. मधे मी. जीप खड्ड्यात गेली की दोघं एकदमच कण्हायचे. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "बैल उधळला, साहेब."

"दोघांवरही?"

"व्हय. लई माजलाय."

तुम्ही घरी आल्यावर मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुमची वेणी घालता घालता बोलले. वेणी मलाच घालावी लागायची, आणि अंबाड्याजवळची ती उपटलेली जागा अजून ओली होती. म्हटलं, "पोलिसाला सर्जेरावाचं नाव सांगायला भीती नाही वाटली. घरातल्या माणसाचं नाव आलं की बैल?"

तुम्ही म्हणालात, "लखू मेला. त्याच्या बाजूनं बोलाया कोण व्हतं? माज्या बाजूनं बोलाया मी जित्ती हाय. मी हितंच बोलंन."

"बोललात का मग?"

"बोलंन. आन खरं सांगाया गेले आसते तर तुजं नाव निघालं नसतं व्हय? दोन हाडं मोडली त्या दिवशी. एकच सांगता आलं नसतं."

ते मला सुचलंच नव्हतं. पण मी हार मानली नाही. म्हटलं, "मी मारलं नसतं तर तुम्ही मेला असता."

"आसंल. पर मारून तू काय केलंस? त्यो तितं मार खाऊन आला, हितं मला मारलं. मी मधी पडले नसते तर तू त्याला जिवं मारलं आसतंस. मंग तुला कुणी तरी. ह्ये कुठं तरी कुणाच्या तरी अंगावर थांबवाया पायजे."

"आणि ते अंग दर वेळी तुमचंच का?"

तुम्ही म्हणालात, "वेणी घट्ट घालू नगंस. दुकतंय."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तुम्ही गेलात त्या सकाळपर्यंत. तुमचं म्हणणं, मधी पडायचं ते हात पसरून, हात उगारून नव्हे. माझं म्हणणं, पसरलेल्या हातांची हाडं मोडतात. त्या दिवसानंतर भावजींनी तुमच्यावर हात टाकला नाही. तुम्ही म्हणायच्या, मी त्यांच्याशी बोलले म्हणून. रोज रात्रीच्या जेवणाला तुम्ही डाव्या हातानं भाकरी वाढून त्यांच्यापुढं बसायच्या आणि बोलायच्या, हे मी ऐकलंय. "तुमी मला मारलं. पारावर त्यांनी तुमाला मारलं तवा तुमाला कसं वाटलं, तसं मला वाटलं." ते ताटात बघत जेवायचे. मी म्हणायची, बोलण्यानं नाही, दांड्यानं सुधारले. कधी कधी आपण या भांडणात हसायचोसुद्धा. पण मिटलं नाही ते.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. दांडा पहिल्यांदा भावजींच्या खांद्यावर बसला तेव्हा माझ्या हातांना बरं वाटलं. खूप बरं वाटलं. दुसरा घाव मी तुम्हाला वाचवायला घातला नव्हता, मला तो घालायचा होता म्हणून घातला. आणि तेव्हाच मला कळलं की बाजारातल्या त्या माणसांना लखूला मारताना काय वाटत असणार. ते राक्षस नव्हते. त्यांच्या हातांना बरं वाटत होतं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जिंकला असता, म्हणून सांगितलं नाही. आता सांगते. तरीही मला वाटतं, माझं बरोबर होतं. दोन्ही एकदम कसं खरं असेल ते मला माहीत नाही, पण मला तसंच कळतंय.

कोर्टाची तारीख यायला पुढं पुष्कळ दिवस गेले. तोवर लखूची बायको मुलखातनं निघून गेली होती. साक्षीदार म्हणून उरलो आपण दोघी. इंदापूरला एसटीनं गेलो. तुमची साक्ष आधी झाली. मला नंतर बोलावलं. सर्जेरावाचे वकील आवाज न चढवता बोलणारे होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही खाली पडला होता, तोंडं दिसत नव्हती, हे खरं का?"

"खरं."

"मग ओळखलं कसं?"

"पायांवरून."

लोक हसले. वकीलही हसले. "गावातल्या माणसांचे पाय ओळखता तुम्ही?"

मी म्हटलं, "साहेब, लग्न होऊन आल्यापासून मी या गावातनं पदर घेऊन, मान खाली घालून चालते. समोरनं माणूस आला की मला त्याचं तोंड दिसत नाही, पाय दिसतात. सासरे कोण, चुलत सासरे कोण, कुणाला वाट द्यायची, कुणापासनं लांब सरायचं, सगळं मी पायांवरून ओळखते. तोंडं विचारली असती तर चुकले असते."

तुम्ही मागं बाकावर बसला होतात. मी पहिल्यांदाच मान वर करून सगळ्यांकडं बघत बोलले होते. वकिलांनी मान हलवली, कागद उलटला आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांना त्याचं काही वाटलं असेल असं दिसलं नाही. शेवटी तिघंही सुटले. पुरावा पुरेसा नाही, असं झालं.

त्या संध्याकाळी आपल्या घरावरून गुलाल उधळत मिरवणूक गेली. सर्जेराव जीपवर उभा होता. फटाक्याची एक माळ कुणीतरी आपल्या अंगणात फेकली. कडब्याच्या गंजीला आग लागली, म्हशीची कातडी भाजली. आपण सगळ्यांनी, भावजींनीही, घमेल्यानं माती टाकून ती विझवली. मी रडत होते. म्हटलं, "काय मिळालं आक्का? ऊस गेला, हात मोडला, गंज जळाली, आणि ते सुटले."

तुमच्या भुवया जळाल्या होत्या. तुम्ही म्हशीच्या पाठीला लोणी लावत होतात. म्हणालात, "लखूला मारलं, ह्ये भर कोर्टात दोन बायांनी सांगितलं. आता त्यो मेला न्हाय आसं कुणी म्हणू शकत न्हाय."

मला ते तेव्हा फार थोडं वाटलं. आजही थोडंच वाटतं. पण एवढं झालं, की पुढच्या उन्हाळ्यात माळावर परत पालं पडली, दुसऱ्या कुणाची तरी, आणि बाजारात परत एकदा आरोळी उठली, तेव्हा मिरचीवाला आडवा आला. म्हणाला, आधी फौजदाराला बोलवा. दोन थोबाडीत खाल्ल्या त्यानं, ओठ फाटला, पण हलला नाही. आणि गिरणीवरच्या बायका पिठाचे डबे खाली ठेवून त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही त्या दिवशी निमगावला गेला होतात. परत आल्यावर मी सांगितलं तर विश्वासच ठेवला नाहीत. मग कुणाला न सांगता गिरणीवर जाऊन खात्री करून आलात.

गोठ्यातल्या त्या दिवसापासनं भावजी आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यामार्फत बोलायचो. "तिला सांग, पाणी दे." "त्यांना सांगा, दिलंय." एका खोलीत तिघं बसून. आता तुम्ही नाही, तर परवा ते वसरीवर जेवायला बसले आणि पाणी हवं होतं. कुणाला सांगणार? ते नुसते तांब्याकडं बघत राहिले. मी तांब्या भरून ठेवला.

ते म्हणाले, "ती गेली त्या सकाळी तुमचं भांडण चाललं व्हतं. मला ऐकू आलं."

मी ताटात कालवण वाढलं.

"त्येच का? गोठ्याचं?"

"व्हय."

त्यांनी भाकरी चुरली. उजवा खांदा अजून वाकडाच आहे त्यांचा, घास डाव्या हातानं घेतात. मग म्हणाले, "ती म्हणायची, तिच्या बोलण्यानं मी थांबलो. तू म्हणायचीस, दांड्यानं. मी वसरीवर बसून सगळं ऐकायचो. मला कुणी इचारलं न्हाय."

"मग तुम्ही सांगा."

"मला ठावं न्हाय. पर तिनं मला वाचवलं तवा तिच्या कपाळाचं रगत माज्या तोंडात गेलं. त्याची चव जात न्हाय." असं म्हणून ते ताटात बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, आक्का. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून संतापही आला. तुम्ही असता तर तुम्हाला यातलं काय सांगावं ते कळलं असतं. मला जे कळत होतं तेच मी बोलले. समोर बसले, पदर नीट न करता.

म्हटलं, "भावजी, तुम्ही आक्कांचा हात मोडलात. परत तसं कुणी केलं, तर मी परत मारीन. कुणीही असो."

ते म्हणाले, "म्हाईत हाय. भाकर वाढ."